तुळशीरामकाकांचा पाचवा खण

भर एप्रिलच्या उन्हात स्वतःच्या डोक्याला साधा रुमालही न बांधता, मांडीवरच्या बंदुकीवर छत्री धरून स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही मोताळ्याला आलेलेच नाही. तो माणूस म्हणजे आमचे शेजारी तुळशीरामकाका. आणि ओळखीचं कोणी दिसू नये अशी देवाची करुणा भाकत पुढे स्कूटर चालवणारा तो मी.

माझं बसस्टँडसमोर औषधांचं दुकान आहे. त्यामुळे ओळखीचं कोणी दिसू नये ही प्रार्थना देवानं कधी ऐकली नाही. बाजाराचा दिवस असला तर विचारूच नका. "काऊन काका, बंदुकीले ताप आला का?" असं टरबुजाच्या ढिगामागून कोणीतरी ओरडणार, आणि काका मागून तितक्याच गंभीरपणे सांगणार, "ताप नाई आला. येऊ नये म्हणून छत्री हाये."

बंदूक परवान्याची आहे. निवडणूक जाहीर झाली की परवानेवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात नेऊन जमा करायची आणि निकाल लागून सगळं शांत झालं की परत आणायची, हा सरकारी रिवाज. बाकीचे शेतकरी हे काम मिरचीचं पोतं टाकून यावं तसं करून येतात. काका मात्र लेकीला सासरी पोचवल्यासारखे जातात आणि मग रोज तिची खुशाली विचारायला ठाण्यात हजर.

ही बंदूक काकांच्या आजोबांची. ती आजोबांना कोण्या साहेबानं खूश होऊन दिली, की साहेब दुसरीकडे पाहत असताना आजोबांनी स्वतःच खूश होऊन घेतली, याबद्दल त्यांच्या घराण्यात दोन मतं आहेत. बंदूक लांब, पण नळीच्या मागे लोखंडी चाक, आणि त्या चाकात गोलाकार पाच खण. एकदा पाचही खण भरले की पुन्हा पुन्हा ठासत बसायचं काम नाही, एकामागून एक बार काढायचे; म्हणून हिला 'रिपीटर' म्हणायचे. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे काका तुम्हाला लग्नाच्या पंगतीत, मयतीच्या बैठकीत, दाढी करताना, कुठेही सांगू शकतात.

"पाय बे," ते सुरू करतात. "घोडा मांगं ओढला, की आतला पंजा चाकाले ढकलते. चाक एक खण सरकते. मंग खालून खिटी वर येते अन् चाकाले अडकोते. खण नळीच्या बरोब्बर समोर. मंग चाप. आधी सरक, मंग अडक, मंग धडक!"

सरक, अडक, धडक. काकांचं सगळं तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे. एसटी फलाटाला लागण्याआधी लोक खिडकीतून रुमाल टाकतात, "अडकायच्या आधीच धडक!" माझ्या चुलतभावाची सोयरीक साखरपुड्यानंतर मोडली, "सरकलं होतं, खिटी बसली नाई." माझ्या मुलीनं बारावीनंतर काय करावं असं मी एकदा गांभीर्यानं विचारलं, तर म्हणाले, "अजून घोडाच ओढला नाई, तू धडकीचं काऊन विचारून राह्यला?" या सल्ल्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

ऐकणारा नवखा असला तर काका मसाल्याचा गोल डबा मागवत. त्यातल्या वाट्या म्हणजे खण, चमचा म्हणजे नळी. डबा फिरवता फिरवता मोहरी हळदीत सांडायची आणि आतून गोदाकाकू कडाडायच्या, "तुमच्या बंदुकीनं कधी डुक्कर मेलं नाई, पण माह्या फोडणीचा जीव घेतला!"

"हेच, हेच!" काका उलट खूश व्हायचे. "हे मोहरी जशी हळदीत गेली, तशी एका खणाची आग बाजूच्या खणात जाते. हेच या बंदुकीचं दुखणं!"

ते दुखणं खरं आहे. अशा जुन्या बंदुकीत एक खण उडाला की ठिणगी शेजारच्या खणात उडी घ्यायची, आणि कधी कधी पाचही एकदम पेटायचे. समोर नळीला आधार द्यायला धरलेला डावा हात मग देवाच्या हवाली. म्हणून भरल्यावर प्रत्येक खणाचं तोंड चरबीनं बुजवायचं, असा नियम. पण गोदाकाकू माळकरी. चरबी उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. त्यांनी मधाच्या पोळ्याचं मेण काढून त्यावर तोड काढली, आणि ते काम कायमचं त्यांच्याकडेच गेलं. काकांचा अंगठा मुळ्यासारखा जाड, खणात शिरायचा नाही. काकूंचा मात्र मापाचा बसायचा.

शेतातल्या माळ्यावर रात्रीच्या राखणीला दोघं बरोबर जायची. पहिल्या वर्षीची गोष्ट काकूच रंगवून सांगायच्या. रानडुकरं मक्यात शिरली. काकांनी घोडा ओढला. सरक झालं. अडक झालं. चाप ओढला आणि फुस्स! पुन्हा सरक, पुन्हा अडक, पुन्हा फुस्स. डुकरं कणसं खाता खाता वर पाहू लागली. शेवटी काकूंनी जेवणाची जर्मनची थाळी उचलून वर उलथनं असं काही बडवलं, की डुकरं गेली ती गेलीच, शेजारच्या राखणदारानंही माळ्यावरून उडी टाकली. तेव्हापासून काका म्हणायचे, "बंदूक नावाले. घरातली खरी रिपीटर हे हाये." काकू हे ऐकूनही बोलायच्या थांबत नसत, म्हणजे काकांचं म्हणणं खरंच होतं.

तरीही खंडेनवमीला बंदुकीची साग्रसंगीत पूजा व्हायची. काका सगळे भाग सुटे करून तेलपाणी करायचे, आणि शेवटी काकू रिकाम्याच पाच खणांची तोंडं नव्या मेणानं बुजवायच्या. वर हळदीकुंकू. दारू नाही, गोळी नाही, नुसतं मेण. "असू द्या," त्या म्हणायच्या, "रिकामं घर बरं दिसत नाई."

काकू जाऊन आता काही वर्षं झाली. दसरा करून गेल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यापासून काकांचं हे उन्हाचं खूळ सुरू झालं.

आधी ते माझ्या दुकानात आले. "तुह्या फ्रिजात इन्सुलिनच्या बाजूले जागा हाये काय?"

"कशाला, काका?"

"बंदूक ठेवाची व्हती."

मी नाही म्हटलं. तेव्हा ते मला म्हणाले की, तू तुझ्या बापावर गेला नाहीस. मग त्यांनी घरातल्या माठाशेजारी बंदुकीला जागा केली आणि चाकाभोवती ओला पंचा गुंडाळायला सुरुवात केली. ज्या माणसानं आयुष्यभर लोखंडावर पाण्याचा थेंब पडला तर घर डोक्यावर घेतलं, तो माणूस हे करत होता. "काका, गंज चढेल," मी म्हणालो. "चढू दे," ते म्हणाले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की काकांचं आता वय झालं.

एक नवा नियमही निघाला. बंदूक कोणालाही दाखवायची, पण पाचव्या खणाला हात लावायचा नाही. का, तर म्हणे तिथली खिटी नाजूक आहे. खिटी पाचही खणांना एकच असते, हे त्यांनीच मला शिकवलेलं होतं.

यंदाच्या निवडणुकीला नेहमीप्रमाणे आम्ही छत्री घेऊन निघालो. ठाण्यात नवे ठाणेदार आले होते. तरुण, कडक, शिस्तीचे. टेबलासमोर शेतकऱ्यांची रांग, आणि मालखाना सांभाळणाऱ्या मनीषाताई एकेक बंदूक रिकामी आहे का ते बघून आत ठेवत होत्या. मालखान्यावर पत्रे. दार उघडलं की भाकरीच्या तव्यासारखी झळ यायची. ती झळ अंगावर आल्याबरोबर काकांचा चेहरा उतरला.

बंदूक टेबलावर ठेवली. ठाणेदारांनी चाक फिरवून पाहिलं. चार खण तळापर्यंत रिकामे. पाचव्यात काहीतरी पिवळट.

"हे काय? भरलेली आणली का?"

"मेण हाये साहेब. नुसतं मेण."

"काढा. गज घाला आणि साफ करा."

शिपाई गज घेऊन पुढे आला, आणि काकांनी दोन्ही हातांनी चाक झाकलं. मी त्यांना रागावलेलं शंभरदा पाहिलं आहे, घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"काका, काढू द्या ना," मी कानाशी पुटपुटलो. "मेणच तर आहे. दुसरं भरू."

"दुसरं कोठून भरतं बे?" ते माझ्यावर खेकसले, आणि साहेबांकडे वळून हात जोडायला गेले, पण हात जोडायचे तर चाक उघडं पडणार, म्हणून तसेच म्हणाले, "साहेब, परवाना रद्द करा. बंदूक ठेवून घ्या, सरकारजमा करा, मोडीत घाला. पण जिता हाये तोवर या खणात गज नोका घालू."

आजोबांची बंदूक, जिच्यावर या माणसानं उभा जन्म व्याख्यानं दिली, ती तो चमचाभर मेणासाठी द्यायला निघाला होता. ठाणेदारही गोंधळले. त्यांच्या पुस्तकात याला कलम नसावं.

मनीषाताई लोणारकडच्या. बाई शांत, पण नजर पोलिसाची. त्यांनी काकांचे हात हळूच बाजूला केले आणि मोबाइलचा टॉर्च खणात धरला. बराच वेळ बघत राहिल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "हा अंगठा कोणाचा आहे?"

काकांनी मान खाली घातली. "गोदीचा."

मग मीही वाकून पाहिलं. मेणावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघ न् रेघ दिसत होती. मधून एक आडवी खूण, विळीवर कधीतरी कापल्याची. ती खूण मी ओळखत होतो. लहानपणी त्याच अंगठ्यानं माझ्या कपाळाला कितीदा गंध लावलं होतं.

"शेवटच्या खंडेनवमीले भरलं तिनं," काका टेबलाकडे बघत सांगत होते. "पाचही खणावर होते अंगठे. पुढच्या उन्हाळ्यात बंदूक इथंच जमा होती. मले काय ठाऊक! घरी नेऊन पाह्यलं, त चार वितळून वाहून गेले होते. हा एकच राह्यला, खालच्या अंगाले होता म्हणून."

मला माझ्या दुकानातला फ्रिज आठवला. त्याच्या खालच्या कप्प्यात आमच्या थंड पाण्याच्या बाटल्या असतात. बाटल्यांना जागा होती.

ठाणेदारांनी घसा खाकरला. "पण काका, आत दारू नाही हे मला खात्रीनं कळायला पाहिजे. नियम आहे."

काकांनी मान वर केली. खाडकन माणूस बदलला. "मांगून पाहा ना साहेब! समोरून कायले?" आणि खिशातून लहानशी चावी काढून त्यांनी खणाच्या बुडाशी असलेली, बार पेटवणारी टिकली बसवायची बारीक नळी फिरवून काढली. ठाण्यातल्या तसबिरीपुढची उदबत्तीची काडी त्या छिद्रातून हलकेच आत सरकवली, बाहेर काढली, आणि साहेबांच्या पांढऱ्या रुमालावर पुसली. रुमाल पांढराच राहिला. मग काकांनी साहेबांना पंजा दाखवला, खिटी दाखवली, मसाल्याच्या डब्याची गोष्ट सांगितली. रांगेतला एक जण मागून म्हणाला, "आता आपला नंबर उद्या लागते." पण साहेब ऐकत होते. शेवटी त्यांनी स्वतः घोडा ओढून पाहिला आणि नकळत पुटपुटले, "सरक... अडक..." काका धन्य झाले.

मनीषाताईंनी मालखान्यातल्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात, पत्र्यापासून लांब, एक माठ मांडला. माठाला लागून बंदूक, चाकाला ओलं फडकं, पाचवा खण खालच्या अंगाला. त्या दीड महिन्यात काका रोज सकाळी ठाण्यात जात. आत जायची परवानगी नव्हती. बाहेर बाकावर बसत, मनीषाताईंनी "बरं आहे, काका" म्हटलं की उठत. मे महिना असा तापला की आमच्या दुकानातल्या खोकल्याच्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या. काकांचं जेवण कमी झालं. निवडणूक कोण जिंकलं हे त्यांना आजही विचारलं तर सांगता येणार नाही.

निकाल लागला, आणि आम्ही बंदूक आणायला गेलो. मनीषाताईंनी ती टेबलावर ठेवली, फडकं सोडलं आणि बाजूला झाल्या. काका पुढे गेलेच नाहीत. खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत उभे राहिले.

"तू पाय," मला म्हणाले.

मी घोडा ओढला. चाक सरकलं. खिटी खट् करून अडकली. पाचवा खण खालून बाजूला येऊन माझ्यासमोर आला आणि मनीषाताईंनी टॉर्च धरला. कड किंचित पाघळली होती. मध्ये रेघा होत्या, आणि रेघांमधून विळीची आडवी खूण.

"हाये?" काकांनी पाठमोरंच विचारलं.

"हाये, काका."

त्यांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. नुसता मोठा श्वास सोडला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मंग चाल लवकर. ऊन चढून राह्यलं."

स्कूटर मी ठाण्यातच उभी ठेवली. खड्ड्यांच्या रस्त्यावर गचके बसले असते. काकांनी बंदूक दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि आम्ही पायीच निघालो. बाजाराचा दिवस होता. टरबूजवाल्यानं आवाज दिला, "काऊन, बंदुकीले ताप आला का?" या वेळी काका काही बोलायच्या आत मीच सांगितलं, "येऊ नये म्हणून छत्री आहे."

छत्री मी धरली होती.