काकी हसल्या की सिनेमा पडला

विनोदी सिनेमा लागला की आमच्या शेजारचे परबकाका पडद्याकडे बघत नाहीत, बायकोकडे बघतात. काकी हसल्या, की सिनेमा पडला.

आमच्या लालबागच्या इमारतीच्या ग्रुपवर काका स्वतःच्या आवाजात समीक्षा टाकतात. आधी घसा खाकरणं, मग "प्रेक्षकहो!" मध्यंतरी एक लांबलचक युद्धपट आला. काकी पहिल्या तोफेलाच झोपल्या. काकांचा निकाल, "अभिजात! सहकुटुंब पाहा." त्यानंतरच्या विनोदी सिनेमाला काकी डोळे पुसेपर्यंत हसल्या. "छायाचित्रण बरं. बाकी थिल्लर."

पण खरा राग स्टँड-अपवाल्यांवर, त्यातही एका दाढीवाल्या पोरावर. काकी भाजी निवडताना मोबाईलवर त्यालाच लावतात.

"स्वतःच्या आईची टवाळी करतो, ह्यात कला कसली?"

"अहो, पण किती खरं बोलतो!"

"खरा बोलूक माईक कित्याक व्हयो?" रागावले की काका मालवणीत शिरतात.

एका संध्याकाळी त्यांनी वायफायच बंद केलं. "लाईन गेली," म्हणाले. काकी मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या. पाठोपाठ काका, साखर मागायला. वाटी भरून दिली तरी हलेनात. माझ्या बायकोला हळूच विचारलं, "आता हसली ती कशाला गो?"

शेवटी बायकोनेच त्या पोराच्या दादरच्या कार्यक्रमाची चौघांची तिकिटं काढली. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. "शत्रू समोरून बघायला हवा."

दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले काका पोराला दिसले नसते तरच नवल.

"काका, घरून भांडून आलात काय? काकी, हे कधी हसवतात का तुम्हाला?"

काकी उभ्याच राहिल्या. "हसवलं म्हणून तर लग्न केलं! बघायला आले तेव्हा माझ्या मामांची नक्कल केली. मामांच्या समोर!"

हॉलभर टाळ्या. पोराने खाली येऊन काकांच्या हातात माईक दिला. "मग आम्हालाही करून दाखवा."

काकांनी घसा खाकरला. "प्रेक्षकहो," म्हणाले, आणि थांबले. ओठ हलले, शब्द येईना. लोक आधी हसले, मग गप्प झाले. "माझंही पहिल्यांदा असंच झालेलं, काका," म्हणत पोराने अलगद माईक काढून घेतला आणि पुढचा किस्सा सुरू केला. काका मान खाली घालून बसले. काकी नंतर एकदाही हसल्या नाहीत.

बाहेर आलो. काका बरेच मागे राहून चालत होते. काकी थांबल्या.

"बोला की काहीतरी."

"काय बोलू? पूर्वी तू माझ्या नुसत्या चालण्यावर हसायचीस. आता मला काही सुचतच नाही गो. तो पोरगा तुला हसवतो, आणि मी नुसता बघत बसतो."

काकींनी त्यांच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली. "मग बघत कशाला बसता? तुम्हीही हसा ना. एकटीने हसायला मला तरी कुठे बरं वाटतं?"

काका आम्हाला थांबायची खूण करून मागे वळले, आणि तिकिटांच्या खिडकीशी जाऊन पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारू लागले.