गोधडीतले उस्ताद आणि करंजीचा घाट

तपासल्याशिवाय मी काहीही करत नाही. वीस वर्षं नगरच्या एका दैनिकात बातम्या तपासल्या. मंत्र्याच्या नावातला एक काना चुकू दिला नाही. दैनिक बंद पडल्यावर मी ट्रक शिकायला लागलो, तेव्हा नगरातली आमची सगळी सावेडी हसली. लीना, माझी बायको, एवढंच म्हणाली, "शामकांत, तुला स्कूटरसुद्धा रिव्हर्स घेता येत नाही."

स्कूटरला रिव्हर्स नसतो, ही दुरुस्ती मी जागच्या जागी केली.

लायसन्स मिळालं. पण उस्ताद 'हो' म्हणेपर्यंत गाडी ताब्यात द्यायची नाही, हा आमच्या ट्रकमालकाचा नियम. माझे उस्ताद सहादू. त्यांनी परीक्षा ठेवली ती तिसगावला. कांदा भरलेली गाडी तिथून निघून, करंजीचा घाट काढून, नगरच्या मार्केट यार्डात पोचवायची.

"मी सीटमागच्या फळीवर गोधडी घिऊन पडनार," सहादू म्हणाले. "नगर येस्तवर एक शब्द बोलनार न्हाई. बोलाया लागलं, तर शामराव, तुमी नापास. आन् चालवताना मोबाईल बंद."

ढाब्यावर चहा पिऊन मी परत आलो. निळी गाडी, आरशाला काळे गोंडे, मालावर ताडपत्री, सीटमागे गोधडीचा ढीग. किल्ली जागेवरच होती. आत माणूस झोपलेला असला की ती गाडीतच राहते. निघालो.

घाट मी असा काढला, की डॅशबोर्डवर आमटीची वाटी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. मागून घोरणं ऐकू येत होतं. उस्ताद शब्दाचे पक्के. झोपेचं सोंगसुद्धा किती बारकाईनं वठवत होते!

यार्डात हमालानं ताडपत्री वर केली आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

"सायब, ही तर पेंड हाय."

"वरच्या थरात असेल. खाली बघा."

"खालीबी पेंडच. म्हशी कुटं हायेत?"

मी गोंधळून मोबाईल सुरू केला. उस्तादांचे मिस्ड कॉल ओळीनं पडले होते. सीटमागून मला फोन का करताहेत? मग उलगडा झाला: बोलायचं नाही असं ठरलं होतं, उस्तादांनी फोन करायचा नाही असं ठरलं नव्हतं. तेवढ्यात पुन्हा रिंग वाजली.

"शामराव," उस्तादांचा आवाज आला, "पाथर्डीचा एसटी स्टँड नगरात कवा आला?"

मी हळूच गोधडीचं टोक उचललं. आतून एक अनोळखी मिशा उठून बसल्या.

"तुमी कोन?" मिशांनी विचारलं. "बजरंग कुटंय?"

ते कल्याण ड्रायव्हर. त्यांची निळी गाडी, त्यांचे काळे गोंडे. पेंड पाथर्डीला चालली होती. त्यांचा शिकाऊ बजरंग चहा पिऊन आला, उरलेल्या निळ्या गाडीत बसला आणि आमचा कांदा घेऊन नगरच्या उलट्या दिशेला, पाथर्डीला गेला. सहादू गोधडीत दात आवळून पडून राहिले.

"गचके तर इतके बसले," ते फोनवर सांगत होते, "की शिव्या व्हटापातुर आल्या. पन म्हनलं, घाट बघू. तर घाट कळलाच न्हाई. लई खूश झालो, शामराव. घाटात पासच केलं तुमाला."

"उस्ताद, पाथर्डीच्या वाटेला घाट नाही."

"त्ये आता कळलं."

कल्याणनी माझ्या हातातून फोन घेतला. "पावनं, हितं घाट हुता, तरी मला जाग आली न्हाई. तुमचा गडी लई मऊ गाडी चालवतो."

मी ताठ उभा राहिलो. ही साक्ष खोटी पडणं शक्य नव्हतं.

कल्याणनी फोन परत दिला. मग उस्ताद म्हणाले, "चालवतो मऊ. पन कुनाची?"

रात्री लीनानं दार उघडलं. "काय झालं? पास?"

"घाटात पास," मी चपला काढत म्हणालो. "गाडीत नापास."

तिनं फक्त वाकून बघितलं, मी निदान आमचीच स्कूटर आणली आहे ना.