अर्ध्या घरट्याचा भाव

एका जंगलात, विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर, बयाजी नावाचा सुगरण पक्षी राहत होता. बाळांनो, नाव सुगरण असलं तरी या जातीत घरटं विणतो तो नर. रीत अशी, की आधी अर्धंच विणायचं, उलट्या टोपीसारखं. मग मादी येते, काडी ओढून बघते. तिला पसंत पडलं, की नर खालचा भाग आणि लांब नळी विणून घरटं पुरं करतो.

बयाजीचं अर्धं घरटं साळूला पसंत पडलं.

"अंडी घालायला बारा दिवस आहेत," ती म्हणाली. "तेवढ्यात पुरं करा म्हणजे झालं."

पण दाणे टिपायला जावं तर विणणं राहायचं, विणायला बसावं तर पोट रिकामं. म्हणून बयाजी तळ्यावर बगळेशेठकडे गेला. शेठ होतकरू पक्ष्यांना दाणे पुरवत आणि बदल्यात घरट्यात चार आणे हिस्सा घेत.

"काय तयार आहे?" शेठनी डोळे मिटूनच विचारलं.

"एक घरटं. तेही अर्धंच," बयाजी ओशाळून म्हणाला.

शेठनी एक डोळा उघडला. "अर्धं? म्हणजे वाढायला वाव आहे. काल तो सुतारपक्षी आला होता. ढोली पुरी झाली म्हणे. आता पुऱ्या ढोलीत मी काय वाढवू?"

टोपलीभर ज्वारी मिळाली. अट एकच: तीन दिवसांत अशी दहा.

"दहा पुरी?"

"अर्धी रे. पुरं करण्यात वेळ घालवू नकोस."

तीन दिवसांत दहा झाली. शेठनी आणखी तीन टोपल्या दिल्या आणि सल्लागार म्हणून कोकिळा पाठवली. तिनं जन्मात घरटं बांधलं नव्हतं, पण दुसऱ्यांची पुष्कळ वापरली होती. तिचा सल्ला एकच: "नळी नको. आत शिरायला फार अडचण होते."

दहाव्या दिवशी बाभळीवर एकेचाळीस अर्धी घरटी लोंबत होती.

"अहो, आपलं तेवढं पुरं करा ना," साळू म्हणाली.

"एक पुरं केलं तर बाकीच्या चाळिसांचा भाव उतरेल."

"मग अंडी कशात घालू?"

"एकेचाळीस आहेत. हवं ते निवड."

"सगळी खालून उघडी आहेत," साळू म्हणाली आणि उडून गेली.

बाराव्या दिवशी वडाखाली बयाजीचा सत्कार झाला. मोराचं पीस चोचीत धरून तो परतला, तर बाभळीवर कोकिळा बसलेली. शेठ आपला हिस्सा तिला दुप्पट दाण्यांना विकून दुसऱ्या तळ्यावर गेले होते.

साळू सापडली सुतारपक्ष्याच्या जुन्या ढोलीत. पोटाखाली तीन अंडी, तिन्ही धडधाकट.

"सुतारकाका, मला जागा मिळेल?" बयाजीनं विचारलं.

"तुझी एकेचाळीस घरटी आहेत ना?"

"आहेत. राहण्याजोगं एकही नाही."

साळूनं ढोलीतून डोकं बाहेर काढलं. "पीस बाहेर ठेवा. आत यायचं तर चोचीत दाणा पाहिजे."

बयाजी दाणे टिपायला गेला.

तात्पर्य: बाळांनो, घरटं कधीही पुरं करू नये. पुऱ्या घरट्यात नुसती पिल्लं वाढतात, अर्ध्यात भाव वाढतो. मात्र शेजारी एखादा पुरी ढोली कोरणारा मूर्ख आहे ना, एवढं आधी बघून ठेवावं.