गोविंदाशेठच्या कारखान्याची चावी

पेणच्या रामवाडीत गोविंदाशेठचा गौरीचे मुखवटे बनवण्याचा कारखाना आहे. तिथे आजवर एकदाही चोरी झाली नव्हती, आणि ही बाब अत्यंत चिंताजनक असल्याचे मुंबईच्या एका ऑनलाइन विक्री कंपनीने त्यांना कळवले. चोरी झाल्याचे कळलेच नाही, याचा अर्थ ती कळण्याची व्यवस्थाच नाही. यंदाचा सगळा माल हीच कंपनी उचलणार होती आणि हजारो गिऱ्हाइकांचे पत्ते शेठच्या संगणकात येणार होते. त्या संगणकाला रंगाची धूळ बसू नये म्हणून टाकलेला जुना टॉवेल, एवढेच काय ते संरक्षण होते. तरी 'उदयोन्मुख तंत्रज्ञानावर आधारित सायबर सुरक्षा' बसवावी, अन्यथा ऑर्डर रद्द. आता ऑर्डर रद्द म्हणजे वर्ष बुडाले, कारण उरलेल्या गौरी काही दिवाळीत विकता येत नाहीत.

सुरक्षा रोह्याहून आली. तिचे नाव जितेश. धाटावच्या कंपन्यांच्या गेटवर कॅमेरे लावता लावता तो सायबर तज्ज्ञ झाला होता. मध्ये कुठली परीक्षा आडवी आली नाही.

"काका, पासवर्डचा जमाना गेला. आता कृत्रिम बुद्धिमत्ता हाय. तुमचा चेहरा हीच चावी. चावी हरवते, चेहरा हरवत नाय. आणि दुसऱ्या कोणाला तसाच बनवता पन येत नाय!"

तो हे बोलत होता तेव्हा त्याच्या पाठीमागे एकाच साच्यातून काढलेले दीडशे चेहरे वाळत होते. पण कोणाचेच तिकडे लक्ष गेले नाही. तंत्रज्ञानाविषयी कोणी बोलू लागले की आपण आदराने फक्त समोर बघतो.

"शिवाय हिचं तत्त्व शून्य विश्वासाचं. ही यंत्रणा कोणावरच विश्वास ठेवत नाय. मालकावर पन नाय."

"मंग तिचे पैशे कोन देनार?" शेठची बायको मालूबाई म्हणाली. प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे जितेश वायर मोजायला लागला.

'जागल्या' नावाची ती यंत्रणा मे महिन्यात बसली. मुखवटे तेव्हा पांढरे, बिनडोळ्यांचे होते. जागल्याने त्यांना भांडीकुंडी समजून सोडून दिले. शेठने कॅमेऱ्याला तोंड दाखवले की गोदामाचे शटर वर जाई आणि संगणक सुरू होई. कंपनीने प्रमाणपत्र पाठवले, ते देवघराशेजारी लागले.

श्रावणात कारखान्यातली जुनी कारागीर गोदूबाई मुखवट्यांचे डोळे आखायला बसली. पहिल्या मुखवट्याचा दुसरा डोळा पुरा झाला आणि शेठच्या मोबाइलवर संदेश आला: 'अनोळखी स्त्री आढळली.' मग दुसरी. मग तिसरी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखान्यात अनोळखी स्त्रियांची जत्रा भरली. 'सर्व स्त्रिया एकच आहेत.' 'स्त्री डोळे मिटत नाही.' 'स्त्रीचा हेतू स्पष्ट होत नाही.' भोंगा वाजू लागला आणि शटर धाडकन खाली आले.

"गो गोदू, जरा थांब ना!" शेठ ओरडले.

"मी काय करू? डोले नाय काढले तं देवी बघनार कशी?"

जितेश धावत आला. गौरीची कर्मचारी म्हणून नोंद करायची, हा तोडगा त्याने काढला. पदांच्या यादीत 'देवी' नव्हते, म्हणून तिला 'रात्रपाळी पर्यवेक्षक' करण्यात आले. साचा एकच, त्यामुळे एका नोंदीत सगळ्या गौरी नोकरीला लागल्या. भोंगा थांबला.

पण जागल्या ही शिकणारी यंत्रणा होती. ती शिकली. ही कर्मचारी घरी जात नाही, रजा मागत नाही, डुलकी काढत नाही, चहाला उठत नाही. तिची विश्वासार्हता रोज वाढत गेली आणि त्याबरोबर यंत्रणेतले तिचे पदही. उलट शेठ! सीझनची दाढी वाढलेली, नाकाला सोनेरी रंग, जागरणाने डोळे तारवटलेले. माणूस रोज वेगळाच दिसे.

पुण्याचा ट्रक दारात लागला, नेमके त्या सकाळी जागल्याने जाहीर केले: 'आपला चेहरा मालकाशी जुळत नाही.'

शेठने नाक पुसले, टोपी काढली, गोड हसून पाहिले.

"अवो, हसू नका," मालूबाई म्हणाली. "तुमी कधी हसता? त्यानं तो अजून वलखनार नाय."

ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. त्याला दुसरे भाडे होते; तो रिकामा गेला असता तर सीझनही त्याच्याबरोबर गेला असता. बाहेर वाळत राहिलेला एक मुखवटा छातीशी धरून शेठ कॅमेऱ्यासमोर मटकन बसले.

'नमस्कार, मालकीणबाई,' जागल्या म्हणाला आणि शटर वर गेले.

मालूबाईने पदर सावरला. इतक्या अदबीने तिला आजवर कोणी हाक मारली नव्हती.

ट्रक भरला, गेला. तेव्हापासून दाराशी खिळ्याला एक गौर असते. ज्याला आत जायचे असेल तो ती कॅमेऱ्याला दाखवतो. काम झटपट होऊ लागले. चार दिवसांनी जितेश देखभालीचे पैसे न्यायला आला आणि खिळ्याकडे बघून पांढरा पडला.

"काका, ही चावी हाय! अशा किती बाहेर गेल्या?"

"सगल्या!" शेठ अभिमानाने म्हणाले. "पुनं, सातारा, नाशिक."

"मंग चेहरा बदला. चावी मधनंमधनं बदलायचीच असते."

"देवीचा चेहरा?" शेठचा आवाज चढला. "माझ्या आजानं घडवलेला साचा हाय तो. लोक हीच गौर मागतात. दुसरीला घरात कोन घेईल?"

आता घरात गौर असलेला कोणीही गोदाम उघडू शकत होता आणि संगणकातले सगळ्यांचे पत्तेही. अखेर कंपनीने सर्व गिऱ्हाइकांना संदेश धाडला: 'सुरक्षेच्या कारणास्तव आपल्या गौरीचा चेहरा कोणालाही दाखवू नये. फोटो काढू नये.'

सगळ्यांनी तो गंभीरपणे वाचला. अनेकांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढेही ढकलला. आणि गौरीपूजनाच्या संध्याकाळी समाजमाध्यमांवर गौरींच्या फोटोंचा पाऊस पडला. शेठ मोबाइल घेऊन ओटीवर बसले होते. प्रत्येक फोटोगणिक त्यांना धडकी भरत होती, आणि गोदूने डोळे किती सुरेख काढलेत, हेही दिसत होते.

त्यांत तुमचाही फोटो होता. गौर फारच छान दिसते आहे, आरासही झकास. मागच्या भिंतीवर पाहुण्यांसाठी चिकटवलेला तुमच्या वायफायचा पासवर्डसुद्धा अगदी स्पष्ट आला आहे.