पाच फूट दोन इंचांचा किनारा

गुडघ्याचा एक्स-रे काढण्याआधी नर्सने काकूंना भिंतीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि "चार फूट अकरा" असं मोठ्याने म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. काकूंना त्यात विशेष काही वाटलं नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या यजमानांचं वर्तमानपत्र मात्र सावकाश खाली आलं.

यजमान म्हणजे दगडसर. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. किनारी आणि सागरी भूगर्भशास्त्राचा जो जाडजूड संदर्भग्रंथ कॉलेजांच्या कपाटात असतो आणि बहुधा कपाटातच राहतो, तो त्यांनी लिहिलेला. सरांची सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली होती. आता त्याची नवी आवृत्ती निघत होती आणि शेवटची प्रुफं सरांच्या टेबलावर होती.

खडकाचा फोटो काढताना शेजारी ठरावीक मापाची एखादी वस्तू ठेवावी लागते; नाहीतर फोटोत कडा आणि खडा सारखेच दिसतात. बाकीचे लोक हातोडी ठेवतात. सरांची हातोडी लग्नानंतरच्या पहिल्याच भरतीत वाहून गेली. तेव्हापासून ते बायको उभी करत. बायको गंजत नाही आणि "जरा डावीकडे" म्हटलं की आपली आपण सरकते. मग घरी येऊन फोटोवर पट्टी धरायची, एका कड्यात किती बायका बसतात ते मोजायचं आणि त्याला पाच फूट दोन इंचांनी गुणायचं. सगळा किनारा सरांनी असा मोजला होता.

घरात शिरताच त्यांनी विषय काढला.

"अगं, तुझी उंची किती?"

"आता नर्स ओरडली ना. रस्त्यावर ऐकू गेलं असेल."

"ती आजची. लग्नाच्या वेळची किती?"

"मामांनी तुम्हाला सांगितली होती ती."

"मामांनी मोजली होती?"

"मामा मोजून काहीच करायचे नाहीत. जेवायचेसुद्धा नाहीत."

सरांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, वय झालं की मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, माणूस इंच-दोन इंच कमी होतो, कधी जास्तही. झीज म्हटल्यावर सरांच्या जिवात जीव आला. हा त्यांच्या ओळखीचा विषय होता. पण शास्त्रात एका साक्षीवर भागत नाही, म्हणून त्यांनी मेव्हणीलाही विचारलं.

"ताई झिजली?" मेव्हणी फोनवर खो-खो हसली. "अहो भावोजी, ताई पहिल्यापासून एवढीच. शाळेत फळा पुसायला बाकावर चढायची. तिला झिजायला होतं काय?"

काकू आतून म्हणाल्या, "तिला म्हणावं, तुझी उंची वाढली ती जिभेत."

सर टेबलाशी बसले आणि नव्याने गुणाकार करू लागले. शंभर फुटांचा कडा पंचाण्णववर आला. ज्या उंचवट्यावर पूर्वी समुद्र होता असं त्यांनी ठासून लिहिलं होतं, तिथे तो पोहोचेना. तेवढ्यात प्रकाशनाकडून संपादिकेचा फोन आला. ती सरांचीच विद्यार्थिनी.

"सर, उद्या छपाईला जातंय. काही बदल?"

"एक बेट बुडतंय."

"बाप रे. कधी?"

"आत्ताच. जेवण झाल्यावर."

"सर, तुम्ही जरा पडता का? मी संध्याकाळी करते."

सर पडले नाहीत. एकेक कडा उतरवत ते दीपगृहापाशी आले. तिथेही त्यांनी काकूंनाच उभं केलं होतं. पण दीपगृहाची उंची त्याच्या दारावरच्या पाटीवर कोरलेली असते, आणि ती पाटी फोटोत स्वच्छ वाचता येत होती. जुन्या हिशेबाने आकडा पाटीशी तंतोतंत जुळत होता. नव्या हिशेबाने दीपगृह लेकाचं ठेंगणं होत होतं.

"हे कसं काय?" सर स्वतःशीच म्हणाले. "तू चार-अकरा, तर दीपगृह बरोबर कसं?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"बरोबरच येणार," त्या म्हणाल्या. "मी दगडावर उभी असायचे. साडीत झाकला जायचा."

"कुठल्या दगडावर?"

"माहेरी नळाखाली होता एक. तीन इंच जाड. मला तेवढेच कमी पडत होते."

"पण कशासाठी?"

"पहिल्याच सहलीत तुम्ही सगळ्यांना म्हणालात, ही पाच-दोन आहे, आता आख्खा किनारा हिच्यावर मोजतो. इतक्या विश्वासाने कुणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं. म्हटलं, आपल्यापायी समुद्र खोटा पडायला नको. पुढच्या सहलीपासून तो दगड बरोबर घेतला."

सर ताडकन उठले. बेट वर आलं, कडे आपापल्या जागी गेले, समुद्र पुन्हा उंचवट्यावर पोहोचला. एवढ्या आनंदात त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप तसाच खाली ठेवला.

"दगड कसा होता दिसायला?"

"काळा. चपटा. का हो?"

सरांनी ग्रंथाचं अकरावं प्रकरण उघडलं. काकूंसह एक फोटो झाला, की सर त्यांना बाजूला करून नुसत्या कड्याचा दुसरा काढत. या दुसऱ्या फोटोंत प्रत्येक किनाऱ्यावर, कड्याच्या पायथ्याशी, एकच काळा चपटा दगड दिसे. तिथल्या खडकाशी त्याचं कसलंच नातं नसे, आणि सर पुन्हा बघायला गेले की तो नाहीसा झालेला असे. त्यावरून सरांनी खोल समुद्रातला एक अज्ञात प्रवाह मांडला होता. त्या दगडांना 'भटके दगड' असं नावही दिलं होतं. परदेशी परिषदेचं आमंत्रण आलं ते यावरच. परीक्षेत दरवर्षी त्यावर प्रश्न असे.

"तुम्ही कॅमेरा गुंडाळायला पाठ फिरवलीत की मी उचलून घ्यायचे," काकू फोटो पाहत म्हणाल्या.

"मग परिषदेच्या वेळी तरी सांगायचंस."

"तुम्ही नवा कोट शिवला होता."

सरांनी एक फोटो जवळ ओढला. फोटोत वारा होता. एक लहानखुरी मुलगी डोळ्यांवर हात धरून, मान ताठ करून, दगडासारखी स्थिर उभी होती. तिच्यामागे केवढा तरी कडा होता, आणि सरांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण फक्त कडाच पाहिला.

"एवढ्या वाळूतून, चढणीवरून वागवलास तो धोंडा?"

"मी कशाला? पिशवी तुमच्याकडे असायची. मला उचलू द्यायचा नाहीत तुम्ही."

"मी विचारायचो, एवढं जड काय आहे."

"थर्मास, म्हणायचे मी. तुम्ही म्हणायचात, चांगल्या कंपनीचा दिसतोय."

फोन वाजला. संपादिकेने आधी तब्येत विचारली, मग बेट विचारलं.

"बेट ठीक आहे. आकडे सगळे बरोबर आहेत, एकालाही हात लावू नकोस. अकराव्यात मात्र एक दुरुस्ती घे."

"भटके दगड? सर, तो तर तुमचा गाजलेला सिद्धांत. दगड हलत नाहीत का?"

"हलतात. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जातात, तेही खरं. वाहून नेणारा प्रवाह तेवढा बदल."

"काय लिहू?"

"लेखक."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला. ती मुलगी हुशार होती.

"आणि सर, तक्त्यात प्रवाहाच्या वेगाचा रकाना आहे," ती म्हणाली. "तो रिकामा ठेवू?"

सरांनी काकूंकडे पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवून त्या हळूहळू कप आत नेत होत्या.

"नको," सर म्हणाले. "लिही, बायकोच्या चालीइतका."