ठोशाचा आवाज

भाऊसाहेबांची लेक बॉक्सिंगच्या पहिल्याच सामन्यात हरून घरी आली. ग्लोव्हज कपाटावर भिरकावले आणि "पुन्हा त्या क्लासचं नाव काढलंत तर बघा!" असं म्हणून उशीत तोंड खुपसून आडवी झाली.

भाऊसाहेब पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. (समोरच्याला 'उद्या या' म्हणण्यापलीकडे कुणाची समजूत घालायचा त्यांना अनुभव नव्हता.) पण शेवटी बापाचं काळीज! त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, पोरीला आपली कॅसेट दाखवायची.

कॉलेजात असताना भाऊसाहेबांनी एकदा, म्हणजे एकदाच, बॉक्सिंगची फायनल मारली होती. थोरल्या भावाने कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून ती टिपली होती. कॅसेट लावली. पडद्यावर धुक्यात दोन करडे डाग एकमेकांवर आदळत होते आणि तापल्या तव्यावर पाणी ओतावं तसा चर्रर्र आवाज येत होता.

"यातले तुम्ही कुठले?" लेकीने विचारलं.

"तो काय, हलतोय तो."

"दोघंही हलताहेत."

"जास्त हलतोय तो!"

"अहो, ही मारामारी आहे की चादरी झटकताहेत?" बायको म्हणाली. लेक भिंतीकडे तोंड करून झोपली.

हे मात्र भाऊसाहेबांच्या वर्मी लागलं. चित्र आरशासारखं लख्ख केलं नाही, तर नाव लावणार नाही! त्यांनी स्वतःच व्हीसीआर उघडला आणि आतून स्पिरिटने पुसला. करडे डाग हिरवे झाले. मग त्यांनी टीव्हीचे सगळे आकडे वरखाली केले. डाग होते तसेच राहिले, फक्त बातम्या देणारी बाई जांभळी दिसू लागली. बायकोने हात जोडले. तरी गडी हटेना. शेवटी कॅसेट घेऊन ते बाजारातल्या व्हिडिओवाल्याकडे गेले. लोकांची जुनी लग्नं धुऊनपुसून डिस्कवर घालणारा माणूस तो.

"चित्र काढतो. आवाजाचं काय करू?"

"आवाज आधी काढा! माझ्या ठोशाचा आवाज घरभर घुमला पाहिजे."

डिस्क आली. भाऊसाहेबांनी नवे स्पीकर आणले, सोफा फिरवला, आपल्या म्हाताऱ्या आईला पुढच्या खुर्चीत बसवलं, लेकीला दंडाला धरून उठवलं आणि बटण दाबलं.

चित्र खरोखरच लख्ख होतं. रिंगमध्ये एक काडीपैलवान एका हाताने लढत होता आणि दुसऱ्या हाताने चड्डी सावरत होता.

"हा तू!" आईने आनंदाने ओळखलं.

"तो खालचा गार्ड आहे, आई. ती स्टाइल असते." भाऊसाहेब म्हणाले.

राउंड संपला. थोरल्या भावाचा कॅमेरा नेमका भाऊसाहेबांच्या कोपऱ्याखाली होता. नव्या स्पीकरमधून, अगदी शेजारी बसल्यासारखा, कोवळा आवाज आला, "सर, मला घरी जायचंय."

"गप बस. पाणी पी."

"सर, तो फार जोरात मारतो हो!"

"मग काय, बॉक्सिंगमध्ये गालगुच्चे घेतात? ऊठ!"

पाठोपाठ हुंदका. अगदी स्वच्छ, खरखर अजिबात नाही. भाऊसाहेब रिमोटवर झेपावले, पण तो आईच्या पदराखाली गेला होता. "थांब रे, किती गोड रडायचास!"

"बाबा, तुम्ही रडत होतात?" लेक सरसावून बसली.

"घाम होता तो."

"घामाला हुंदके येतात?"

पडद्यावर काडीपैलवान नाक पुसत पुन्हा उभा राहिला. चड्डी सावरत पुढे गेला. मार खाल्ला, पुन्हा पुढे गेला. आणि राउंड संपता संपता डोळे मिटून त्याने असा ठोसा हाणला, की समोरचा धिप्पाड गडी सपशेल आडवा! धप्प असा आवाज घरभर घुमला.

मग लेकीने हळूच विचारलं, "इतकी भीती वाटत होती, तरी पुन्हा गेलात?"

"गेलो कसला? सरांनी ढकललं." भाऊसाहेबांच्या तोंडून खरं निघून गेलं.

लेक पोट धरधरून हसली. हसता हसता स्टुलावर चढली आणि तिने कपाटावरचे ग्लोव्हज खाली ओढले. दुसऱ्या दिवशी क्लासला जाताना ती डिस्कही घेऊन गेली. भाऊसाहेबांनी ऑफिसात दिवसभर छाती पुढे काढून फायली हातावेगळ्या केल्या. दोन माणसांना तर चक्क 'आजच घेऊन जा' म्हणाले!

संध्याकाळी लेक घामाघूम, खुशीत परत आली.

"सरांनी सगळ्यांना दाखवली, बाबा! तीनदा!"

"शेवटचा ठोसा ना?" भाऊसाहेबांनी चष्मा सावरला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, ठोसा झकास आहे." लेक जरा घुटमळली. "फक्त राउंड संपल्याची घंटा आधी ऐकू येते. ठोसा नंतर."

भाऊसाहेबांनी डिस्क लावली, आवाज पूर्ण मोठा केला आणि कान स्पीकरला लावला. ठण्ण. मग धप्प. पुन्हा लावली. ठण्ण. धप्प.

ते उठले, चपला अडकवल्या आणि तरातरा बाजार गाठला. व्हिडिओवाला दुकानाचं शटर खाली ओढत होता, त्याला त्यांनी हाताला धरून थांबवलं.

"चित्र असंच राहू द्या," भाऊसाहेब इकडेतिकडे बघत म्हणाले, "आवाज तेवढा पहिल्यासारखा करून मिळेल का?"