खोली दोनशे सात येथील भुयाराची हकीकत

कन्यारत्न, अखंड कामात गुंतलेल्या, परगावी अडकून पडलेल्या लेकीच्या आज्ञेवरून लिहिले ऐसे. फोनवर हुकूम आला की, हॉटेलात नेमके काय घडले ते कोणी एकाने नीट लिहून पाठवावे, कारण आई एक सांगते, बाबा दुसरे सांगतात आणि नवरा तिसरेच. त्यावरून तिघांच्या तीन हकीकती एका सुईत ओवून, जे कोणी कबूल केले नाही तेही आत घेऊन, अवघे यथास्थित लिहिले आहे. वाचून खातरजमा करावी. हसू आल्यास दार लावून हसावे.

पूर्वी ऐसे जाहले की, घराच्या मोरीखालचा नळ फुटला, आणि नळदुरुस्तीवाल्याने मोरीपासून थेट झोपायच्या खोलीपर्यंत फरशी उखडून काढली, आणि मग चार दिवस लागतील ऐसे बजावून तो दोन दिवस नाहीसा जाहला. तेव्हा खासे यजमान, टपाल खात्यात छत्तीस वर्षे पत्रांची छाननी करून निवृत्त जाहलेले, यांनी हॉटेलास फोन लावून खोली मुक्रर केली, आणि मातोश्री शिवणबाईंना घेऊन दोन बॅगा, एक शिलाई यंत्र, एक इस्त्री आणि कापडाचे गाठोडे यांसह कूच केले.

मातोश्री शिवणबाई म्हणजे कात्रीबहाद्दर, सुईधुरंधर, शिवणशाळेच्या गादीवर एकतीस वर्षे राज्य केलेल्या. त्यांनी उमेदीत कोटाची एक बाही बेतली होती. ती बाही ऐसी की, माणसाने हात थेट छताकडे उचलला तरी कोट जागचा हलू नये आणि खांद्यावर एक चुणी पडू नये. परंतु अठरा वर्षांमागे त्यांच्याच पट्टशिष्येने त्या बाहीचा बेत उतरवून घेतला आणि एका पुस्तिकेत आपल्या नावे छापला. अस्तनीतला निखारा म्हणतात तो खरोखर अस्तनीतच निघाला. त्या दिवसापासून शिवणबाईंनी बेताचा कागद ट्रंकेत टाकून कुलूप लावले, आणि पुन्हा कोणास दाखविला नाही.

आता शिवणकामाचे नवे पाठ्यपुस्तक निघणार होते. मंडळाचे पत्र आले की, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, पंधरा मिनिटे, पडद्यावर हजर होऊन आपली बाही करून दाखवावी, पसंत पडल्यास तिला आपल्या नावाचे पान मिळेल, हजर न जाहल्यास पुढील आवृत्ती सात वर्षांनी. शिवणबाईंचे वय त्र्याहत्तर. त्या एवढेच म्हणाल्या, "सात वर्षांनी सुईत दोरा कोण ओवून देणार मला?" आणि मंगळवार नेमका हॉटेलातच उजाडणार होता.

ऐसी मसलत चालू असता सोमवारी संध्याकाळी कुमक आली. जावईबापू, लिफ्ट दुरुस्तीचे सरदार, हातात पिशवी घेऊन दाखल जाहले आणि त्यांनी पलंगावर बसून सांगितले की, हॉटेलचा वायफाय म्हणजे रस्त्यावरचा रांजण, येणारा जाणारा कोणीही त्यात पेला बुडवितो, आणि कोणी काय उचलले याचा पत्ता लागत नाही. हे ऐकताच शिवणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तत्काळ फर्मान काढले की, उघड्या रांजणातून आपली बाही जाणार नाही, पान गेले तरी बेहत्तर.

त्यावर जावईबापूंनी पिशवीतून एक पांढरी डबी काढून उशीवर ठेवली.

"ही काय, साबणाची वडी?" शिवणबाई म्हणाल्या.

"राऊटर आहे, आई. प्रवासातला."

"घरी आहे की तो. त्याला दोन शिंगं आहेत."

मग जावईबापूंनी डबीची महती वर्णिली. ती डबी हॉटेलच्या वायफायाशी एकटी बोलते, आणि आपल्या माणसांभोवती आपला स्वतंत्र कोट उभारते, आणि त्या कोटातून थेट जावईबापूंच्या घरच्या राऊटरापर्यंत भुयार खणते. भुयारातून काय गेले ते वाटेवरच्या कोणास दिसत नाही. पुढे घरून मंडळाकडे जायचे ते मंडळाच्या कुलपात बंद होऊन जाते. कोट वाचविण्यास कोट, ही गोष्ट शिवणबाईंना पटली. मोबाइलची रेंज म्हणावी तर खिडकीबाहेर अर्धे शरीर काढिले असता एक काडी मिळे, आणि त्या अवस्थेत बाही शिवणे कोणास साधेल. म्हणून डबीवरच भिस्त ठेवावी ऐसे ठरले, आणि जावईबापू सकाळी येतो म्हणून गेले.

येथे हॉटेलच्या देवडीवरील कारकुनाची वर्तणूक लिहिणे जरूर आहे. मुक्कामास आले त्या दिवशी कारकुनाने खोलीची किल्ली पुढे धरून म्हटले, "थांबा साहेब." यजमान शिस्तीचे. ते थांबले. कारकून किल्ली धरून उभा, यजमान हात बांधून उभे, ऐसी दोन मिनिटे दोन्ही पक्ष समोरासमोर राहिले, आणि अखेर शिवणबाईंनी किल्ली ओढून घेतली. मंगळवारी सकाळी खोलीतला फोन वाजला. कारकून म्हणाला, "थांबा साहेब, नाश्ता लागलाय." यजमानांनी अवघ्यांस थांबविले. चाळीस मिनिटे थांबून खाली गेले तो नाश्ता गार जाहला होता. "इथं सगळ्यालाच थांबायला लावतात," यजमान म्हणाले, "पण बोलणं आदबीचं आहे."

साडेनऊ वाजता जावईबापूंनी मोहीम सुरू केली. प्रथम विजेचे ठिकाण शोधले. ते पलंगाच्या डोक्यामागे निघाले, आणि पलंग सरकविल्याविना हात पोहोचेना, आणि पलंगावर शिवणबाईंनी बाहीचे तुकडे टाचण्या लावून क्रमाने मांडले होते, ते हलविण्यास मनाई होती. मग यजमान आणि जावईबापू यांनी तुकड्यांसकट, एक टाचणी न हलविता, पलंग वीतभर पुढे आणिला. त्या वीतभर मुलखासाठी यजमानांच्या कमरेने आठवडाभर दाद मागितली. डबीचा लाल दिवा लागला.

मग हॉटेलच्या वायफायाचा दरवाजा आला. सोबत आणिलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर लेख उमटला की, खोलीचा क्रमांक आणि नोंदणीवरील आडनाव लिहावे, तीन वेळा चुकल्यास पंधरा मिनिटे दरवाजा बंद. जावईबापूंनी क्रमांक लिहिला, घराण्याचे आडनाव लिहिले. दरवाजा न उघडला. मग इंग्रजीत शेवटी एक ए की दोन, यावर वाद पडला. यजमान म्हणाले की, पेन्शनच्या कागदावर एक आहे. शिवणबाई म्हणाल्या की, दूधवाल्याच्या वहीत दोन आहेत आणि दूध रोज येते. दोन लिहिले. न उघडला.

उरला एक वार. शिवणबाई हळूच म्हणाल्या, "माझं माहेरचं घालून बघा."

"हॉटेलला तुझं माहेर कुठनं ठाऊक?" यजमान म्हणाले.

"तुमचं सासर तरी ठाऊक असेल."

जावईबापूंनी दोन्हीकडे पाहिले, आणि सासूबाईंचा शब्द मोडणे जिवावर आले म्हणून माहेरचे आडनाव लिहिले. दरवाजा बंद जाहला, आणि पडद्यावर पंधरा मिनिटांचे घड्याळ उलटे चालू लागले. तेव्हा सकाळचे दहा वाजून नऊ मिनिटे जाहली होती. लेकीने येथे ध्यानात घ्यावे की, माहेरचे आडनाव कोणी सुचविले यावर आजही तिघांचे एकमत नाही.

मग यजमानांस वकील नेमून देवडीवर रवाना केले. लिफ्ट बंद होती. जावईबापूंना ती पाहताच खुमखुमी आली, परंतु त्यांस हटकून वरच ठेविले. यजमान जिने उतरून कारकुनापुढे उभे राहिले.

कारकून उठून म्हणाला, "थांबा साहेब, बोला."

यजमानांचा अठ्ठेचाळीस तासांचा संयम तेथे सरला. "थांबू का बोलू? एक काय ते ठरवा."

"बोला ना, थांबा साहेब."

"पुन्हा तेच. अहो, मी उभाच आहे. आणखी कसं थांबतात?"

कारकुनाने गोंधळून नोंदणीचा पडदा त्यांच्याकडे वळविला. तेथे खोली दोनशे सात पुढे स्वच्छ लिहिले होते. आडनाव, थांबा. नाव, जरा.

तेव्हा यजमानांस अवघे स्मरले. खोली मुक्रर करतेवेळी कारकुनाने फोनवर आडनाव विचारिले, आणि त्याच क्षणी मोरीतून पाण्याची धार थेट छतास लागली, आणि यजमान ओरडले, "थांबा जरा," आणि बादली घेऊन धावले. परत येऊन त्यांनी खोली पक्की का एवढेच विचारिले. कारकून म्हणाला, पक्की. छत्तीस वर्षे लोकांच्या पत्त्यांतल्या चुका काढणारे यजमान, स्वतःच्या खोलीत दोन रात्री परका इसम होऊन झोपले होते.

"दुरुस्त करून देतो," कारकून वरमून म्हणाला, "पण मॅनेजर साडेअकराला येतात. तोवर खाली सगळ्यांसाठी संगणक ठेवलाय, त्यावर करा ना काम. तो कोपऱ्यात, कॉफीच्या मशीनशेजारी."

यजमानांनी तेथे पाहिले. संगणकाभोवती तिघे पाहुणे कॉफी पीत उभे होते, आणि एक जण दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावत होता. यजमानांनी संगणकाचा तह नाकारला, कारकुनाकडून आपले नवे आडनाव इंग्रजीत तळहातावर लिहून घेतले, आणि मूठ उघडी ठेवून, पुसू नये म्हणून कठड्यास हात न लाविता, जिने चढून आले.

खोलीत हकीकत ऐकून जावईबापू भिंतीकडे तोंड करून हसले. शिवणबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले. दहा एक्केचाळीस.

"खोट्या नावानं जायचं का, तेवढं बोल," यजमान म्हणाले.

"पन्नास वर्षं तुमच्या आडनावानं गेले," शिवणबाई म्हणाल्या, "तासभर तुमच्या थांबण्यानं जाईन. लिहा, जावईबापू."

जावईबापूंनी तळहात वाचून आडनाव लिहिले, आणि दरवाजा मुकाट्याने उघडला, आणि डबीचा लाल दिवा हिरवा जाहला. मग त्यांनी डबीच्या कोटास नाव दिले, आणि सांकेतिक शब्द शिवणबाईंस ठरविण्यास सांगून स्वतः कानांत बोटे घातली. शिवणबाईंनी एका बोटाने शब्द लिहिला. मग भुयार खणले. एकदा ढासळले. जावईबापूंनी डबी बंद करून पुन्हा सुरू केली, कारण लिफ्ट असो की डबी, त्यांच्या शास्त्रात पहिला उपाय हाच आहे. दहा त्रेपन्नास भुयार पार जाहले.

अकरा वाजता शिवणबाई केस सारखे करून पडद्यापुढे बसल्या. पडद्यावर मंडळाच्या चार चौकटी उघडल्या. पहिल्या चौकटीत अध्यक्ष, दुसरीत एक शिंपी, चौथीत कोणी लिहून घेणारे. आणि तिसऱ्या चौकटीत, केस पिकलेली, चष्मा लावलेली, तीच पट्टशिष्या बसली होती.

शिवणबाईंचा हात लॅपटॉपच्या झाकणावर गेला.

जावईबापू मागून कुजबुजले, "आई, घाबरू नका. भुयार पक्कं आहे."

"भुयार पक्कं आहे हो," शिवणबाई म्हणाल्या, "पण उघडलं कुणाच्या अंगणात ते बघा."

आता झाकण लाविले तर बाही शाबूत, पान गेले. न लाविले तर अठरा वर्षे कुलपात ठेविलेली वस्तू आपल्या हाताने चोराच्या पुढ्यात मांडणे आले. अध्यक्ष म्हणाले की, बाई, आपला वेळ सुरू जाहला. शिवणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लाविला. मग झाकणावरचा हात काढून त्यांनी यजमानांस बोलाविले.

त्यांनी तुकडे जोडले, यंत्र चालविले, गाठोड्यातील बिनबाहीच्या कोटास आठ मिनिटांत बाही चढविली, आणि तो एका बाहीचा कोट यजमानांस घालून आज्ञा केली की, हात वर. यजमानांनी हात वर केला. कोट तसूभर हलला नाही. खांदा ऐसा सपाट राहिला जैसे नुकतेच इस्त्री केलेले पोस्टाचे पाकीट. दुसऱ्या चौकटीतला शिंपी खुर्चीतून पुढे आला आणि बराच वेळ मागे गेला नाही.

अध्यक्षांनी विचारिले की, अशीच एक बाही पूर्वी छापलेली आहे, तिचे काय.

तिसऱ्या चौकटीतून आवाज आला. "ती मी छापली. पण ती यांचीच. आणि अर्धीच." मग ती म्हणाली, "बाई, माझी बाही अजून चुणी मारते. अठरा वर्षं झाली."

"कुठं?"

"मागं, खांद्याच्या खाली."

"मागच्या खाचेला अर्धं बोट ढील सोडायची," शिवणबाई म्हणाल्या, "आणि ती ढील ओढून नाही, वाफेनं जिरवायची. शिकवलं होतं मी."

"त्या दिवशी मी आले नव्हते."

"मग विचारायचं होतंस."

"कुठल्या तोंडानं?"

शिवणबाईंनी खडू घेतला, यजमानांस पाठमोरे फिरविले आणि खाच नेमकी कोठे येते ती पडद्याजवळ नेऊन दाखविली, दोनदा, सावकाश, मागच्या बाकावरच्या मुलीस दाखवावी तैसी. जावईबापूंनी कपाळास हात लाविला. ज्या गुपितासाठी पलंग हलविला, आडनाव बदलले आणि भुयार खणले, ते गुपित मातोश्रींनी जिच्यापासून राखायचे तिलाच खडूने काढून दिले.

"आई, तुम्ही सगळंच सांगितलंत की."

"चुकीची बाही शिवत होती ना ती," शिवणबाई म्हणाल्या. "माझी म्हणून."

अकरा वाजून सतरा मिनिटांनी मंडळाने ठराव केला की, सदर बाही शिवणबाईंची, त्यांच्याच नावे पान एकशे बारावर छापावी, जुनी अर्धी आकृती रद्द समजावी. ठरावास पहिली सही तिसऱ्या चौकटीतून पडली.

येणेप्रमाणे मंगळवारी, दुपारच्या आत, हॉटेलातील खोली दोनशे सात येथे मोहीम फत्ते जाहली. आपल्या पक्षाकडील हानी, यजमानांची कंबर आणि एक गार नाश्ता. हस्तगत, एक पान. डबीचा हिरवा दिवा संध्याकाळपर्यंत तेवत होता. लिहिताना कोठे टाका सुटला असेल तर वाचणारीने घालून घ्यावा, उसवू नये. आणि सवड होताच आईस फोन करावा, कारण ठराव ऐकून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ वळल्या नाहीत, आणि यजमानांस हात खाली घेण्याची आज्ञा कोणीच दिली नव्हती.